खणातला तिसरा नॅपकिन

मस्यू एव्हारिस्त पेलिसार यांनी बूच काढायचा स्क्रू शोधण्यासाठी जेवणघरातल्या कपाटाचा खण उघडला आणि त्यात त्यांना आपल्या बायकोचा प्रियकर सापडला.

संपूर्ण प्रियकर नव्हे, त्याचा नॅपकिन.

त्या खणात नेहमी दोन नॅपकिन असत, प्रत्येक आपापल्या कड्यात गुंडाळलेला. चांदीचे कडे मस्यूंचे, हस्तिदंताचे मादाम ऑनोरीनचे. आज त्यांच्या शेजारी तिसरे होते. कडे लाकडी आणि नवेकोरे, पण आतला नॅपकिन चांगला वापरलेला. पेलिसारांच्या घरात माणसे दोनच. मूल झाले नव्हते, सासू हयात नव्हती आणि मांजर जमिनीवर जेवत असे.

पॅरिसमधल्या नवऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एखाद्या दिवशी जेवायला आलेल्या पाहुण्याला धुतलेला नॅपकिन देतात आणि तो उठला की नॅपकिन धुण्यात जातो. कडे मिळते ते नेमाने येणाऱ्याला. धोबीण पंधरा दिवसांनी येणार, तोवर ज्याचा रस्सा त्याच्याच तोंडाला लागावा, एवढ्यासाठी ही सोय. प्रेमपत्र सापडले असते तर मस्यूंनी एक वेळ मन मोठे केले असते. पत्रे काय, वसंत ऋतूत कोणीही कोणालाही लिहितो. पण कडे म्हणजे वहिवाट.

मस्यू पेलिसार हे सरकारी वजने-मापे तपासणीस होते. सव्वीस वर्षे त्यांनी पॅरिसच्या कसायांचे तराजू तपासले होते, आणि आरडाओरडा करण्याआधी पुरावा नीट पाहावा ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. त्यांनी नॅपकिन खिडकीपाशी नेला. रविवारची दुपार होती, उजेड चांगला होता. पिवळा डाग मोहरीच्या रश्श्याचा, म्हणजे ससा. जांभळट डाग वाइनमध्ये शिजवलेल्या कोंबड्याचा. कडेला साय घातलेल्या अंड्याच्या गोडाचा फिकट ओघळ. स्वतः मस्यूंना गेले सहा आठवडे रात्री सूप आणि उकडलेला कोबी मिळत होता. त्यांच्या छातीत कळ आली. ती नेमकी छातीत होती की जरा खाली, हे तपासण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

आणि मग त्यांना तो चौथा डाग दिसला. काळाकुट्ट, तेलकट, बरोबर मिशी पुसली जाते त्या जागी. मस्यूंनी तो बोटाला लावून पाहिला, हुंगला आणि निदान केले: कलप. बायकोचा प्रियकर मिशीला कलप लावत होता. म्हणजे तो तरुणही नव्हता. हा अपमान त्यांना सगळ्यात जास्त लागला.

वाचकांना अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. या गोष्टीपुरते मस्यू पेलिसार एकटे अंधारात असले म्हणजे पुरे.

झाले होते असे, की मागच्या वर्षी ऑनोरीनचे थेओद्यूलमामा वारले. शार्त्र गावी ते जनावरांचे डॉक्टर होते. मरताना त्यांनी आपली लाल मोटार भाचीच्या नावे केली. पुढे दोन बैठका, मागे पिंपासारखा गोल भाग, त्यात आणखी दोन माणसे बसतील न बसतील. पेलिसार राहत त्या बातिन्योल वस्तीतल्या इमारतीच्या आवारात जुना तबेला होता, तिथे ती उभी राहिली. घरात मोटार आली म्हणजे ती घरातला पुरुष चालवणार, हे उघडच होते. मस्यू परवान्याच्या परीक्षेला बसले. फ्रान्समध्ये ही परीक्षा खाण-खात्याचा इंजिनियर घेतो. का, ते कोणी विचारत नाही. पहिल्या खेपेला मस्यूंनी गाडी प्लास क्लिशी चौकातल्या वर्तमानपत्रांच्या टपरीत नेली. दुसऱ्या खेपेला ती पुढे जाण्याऐवजी मागे आली आणि परीक्षकाच्या हॅटवरून गेली. त्यानंतर त्या परीक्षकांनी कोळशाच्या खाणीत परत बदली मागून घेतली असे म्हणतात.

मस्यूंनी गाडी सदोष ठरवली. त्यांनी घरात जाहीर केले की ऑक्टोबर संपेपर्यंत या घरातल्या कोणाही व्यक्तीकडे परवाना नसेल, तर एकतीस तारखेला गाडी लोणी-व्यापारी मस्यू ग्राबियोला देऊन टाकायची. "कोणाही व्यक्तीकडे" असे ते म्हणाले, कारण सरकारी माणसाला नियम सर्वसाधारण भाषेत केलेला आवडतो. ऑनोरीनने नियम नीट ऐकून घेतला. घरात व्यक्ती दोन होत्या, हे तिला ठाऊक होते.

लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. या एकोणीस वर्षांत ती बग्गीत, ऑम्निबसमध्ये, नाटकाच्या सज्जात, जिथे जिथे गेली तिथे कोणाच्या तरी शेजारी, त्याने दाखवलेल्या जागेवर बसून गेली होती. लहानपणी मामा तिला घोडागाडीचे लगाम हातात देत. तेवढाच काय तो तिच्या आयुष्यातला दिशा ठरवण्याचा अनुभव. मोटार तिला हवी होती. आणि ती मोटार ग्राबियोच्या लोण्याचे डबे वाहणार, या विचाराने तिला झोप येत नव्हती.

तिने बार्नाबे कोर्दोना नावाचा माणूस गाठला. वीस वर्षे भाड्याची घोडागाडी हाकून तो आता मोटारीकडे वळला होता. आडदांड, एकटा, पिळदार मिशांचा. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी दहा ते बारा शिकवायचे आणि बाराला जेवून जायचे, असे ठरले. पैशांचे नाव काढताच बार्नाबे म्हणाला की पैसे काय कोणीही देतो, तुमच्या स्वयंपाकघरातून वास काय येतोय ते सांगा. नवऱ्याला सुगावा लागू नये म्हणून ऑनोरीनने किती काळजी घेतली म्हणून सांगावे! मोटारीत घालायचा केसाळ अंगरखा दरवानबाईकडे ठेवला, धुळीचा चष्मा पिठाच्या डब्यात. पण आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी धुतलेला नॅपकिन देणे मात्र तिच्या हातून होईना. आजीपासून चालत आलेल्या रीतीपुढे गुपिताचे काही चालले नाही. बार्नाबेला कडे मिळाले. तो काळा डाग कलपाचा नव्हता, हे आता सांगायला नकोच. गाडीच्या यंत्रात हात घालून आलेला माणूस मिशी पिळल्याशिवाय जेवायला बसत नसे.

सोमवारी मस्यू कचेरीत गेले ते मिशा बघत. कचेरीत चौदा माणसे होती; त्यांपैकी पाच मिशा, उजेडात धरल्या तर, संशयास्पद निघाल्या. त्यांनी एकेकाला गाठून सशाबद्दलचे मत विचारले. वाइनमध्ये आवडतो की मोहरीत? पाचही जण मोहरीत म्हणाले. त्यांच्या वरिष्ठांनी तर डोळे मिटून, हात छातीवर ठेवून सांगितले. तपास पुढे सरकण्याऐवजी रुंद झाला.

बुधवारी सकाळी ते दरवानबाई मादाम बूलार यांच्या खोलीत शिरले. इमारतीत कोण आले, कोण गेले, कोणाच्या पत्राला कुठला वास होता, हे सगळे त्या खिडकीतून कळते. मादाम बूलारना मोटारीचे सारे ठाऊक होते आणि मोटारीबद्दल अवाक्षर काढायचे नाही असे त्यांनी ऑनोरीनला वचन दिले होते. बदल्यात बदकाच्या चरबीची बरणी मिळाली होती. बाई वचनाला पक्की. मोटार सोडून त्यांनी सगळे खरे सांगितले.

"मंगळवार आणि गुरुवार," त्या विणकाम न थांबवता म्हणाल्या. "दहाला येतात, बाराला दोघं परत येतात, मग वर जेवण. खोटं कशाला बोलू, मस्यू? माणूस चांगला आहे. आधी आधी बाईसाहेब थरथरत यायच्या. आता गाणं म्हणत जिना चढतात."

"गाणं म्हणत," मस्यू म्हणाले.

"वय दहा वर्षांनी कमी दिसतं हो. मी तर म्हणते, हे तुम्हीच करायला हवं होतं. पण प्रत्येकाला जमतं असं नाही."

मस्यूंनी टोपी घातली. ती उलटी घातली गेली होती हे त्यांना कचेरीत कळले.

त्या रात्री त्यांनी बायकोला सांगितले की गुरुवारी सबंध दिवस बाजारातले तराजू तपासायचे आहेत, परतायला संध्याकाळ होईल. ऑनोरीन म्हणाली, बरं. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटला तो तिला लपवता आला नाही, कारण गुरुवारी, एकोणतीस तारखेला, अकरा वाजता तिची परीक्षा होती. मस्यूंनी तो भाव पाहिला आणि कोबी ताटात तसाच ठेवला.

गुरुवारी साडेनऊला घराबाहेर पडलेले मस्यू पावणेदहाला मागच्या दाराने आवारात परत आले. बेत साधा होता. प्रियकर जिना चढला की दोन मिनिटांनी आपण चढायचे. तोवर लपायचे कुठे? तबेल्यात ती सदोष मोटार धूळ खात पडलेली. तिच्याकडे कोण बघतो? मस्यू मागच्या पिंपात शिरले आणि चामड्याचे मोठे पांघरूण अंगावर ओढून घेतले. गाडीवर धूळ अजिबात नाही, हे त्यांच्या लक्षात यायला हवे होते. पण पांघरुणाखाली मादाम बूलारची एक कोंबडी आधीच अंड्यावर बसली होती, आणि तिच्याशी समझोता करण्यात त्यांचे लक्ष गेले. दोघांनाही गाजावाजा नको होता. दोघेही गप्प बसले.

दहाला पावले वाजली. पण ती जिन्याकडे गेली नाहीत; तबेल्यात आली. मग बायकोचा आवाज, आणि त्यानंतर एका जाड्याभरड्या पुरुषाचा.

"आज घाबरायचं न्हाई, मादाम," पुरुष म्हणाला. "एकच ध्यानात ठेवा. काय बी होऊ द्या, मागं वळून बघायचं न्हाई. मागं राहिलं ते राहिलं."

"मागे बघण्यासारखं आहेच काय?" ऑनोरीन म्हणाली.

मस्यूंनी पांघरूण मुठीत आवळले. कोंबडीने त्यांना टोचले. तेवढ्यात कोणीतरी गाडीच्या तोंडाशी हँडल फिरवले, यंत्र धडधडू लागले आणि गाडी हलली. पळून चालले होते दोघे! तेही मस्यूंच्या स्वतःच्या मोटारीतून.

ते लगेच उठले का नाहीत, असे कोणी विचारील. एक तर पांघरूण जड होते. दुसरे म्हणजे, चालत्या मोटारीत उभे राहून आपण भारदस्त दिसू असे त्यांना वाटेना. आणि तिसरे कारण त्यांनी पुढे कधी कोणाला सांगितले नाही: गाडी फार सुंदर चालली होती. दगडी रस्ता असूनही धक्का नाही. वळणावर आधी वेग कमी, मग अलगद वळण, मग पुन्हा वेग. गाडी सदोष नव्हती तर. मस्यू न्यायी माणूस होते. पांघरुणाखाली गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या अवस्थेत त्यांना मनातल्या मनात कबूल करावे लागले, की हा हलकट इसम गाडी चालवतो मात्र झकास.

पाऊण तास त्यांनी बातिन्योलच्या गल्ल्यांतून फेऱ्या मारल्या. शेवटची उजळणी चालली होती. मस्यूंना वाटले, पाठलाग होऊ नये म्हणून रस्ते बदलताहेत. मग गाडी थांबली.

"मी आता हितंच थांबतो," जाड्याभरड्या आवाजाने सांगितले. "हे मस्यू व्हिलमोरेल. हितनं पुढं मादाम तुमच्या हवाली."

गाडी एका बाजूने वर उचलली गेली आणि दुसऱ्या बाजूने खाली दबली. एक उतरला, एक चढला.

"नमस्कार, मादाम," नवा आवाज कोरडा आणि सभ्य होता. "मी सांगेन तसं करायचं. घाई नाही. निघू या."

गाडी निघाली. तशीच, लोण्यातून सुरी फिरावी तशी. हाही चांगला चालवतो, असा विचार मस्यूंच्या मनात आला, आणि मग त्या विचाराचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला. एक प्रियकर बायकोला नाक्यावर दुसऱ्याच्या हवाली करून गेला होता. तिने हूं की चूं केले नव्हते. माणसाच्या सहनशक्तीलाही काही प्रमाणित वजन असते. मस्यूंनी पांघरूण भिरकावले आणि ते प्लास क्लिशीच्या ऐन मध्यावर, हॅटमध्ये गवताच्या काड्या आणि काखेत कोंबडी अशा स्थितीत उभे राहिले.

समोर त्यांना दोन पाठी दिसल्या. एक वयस्क गृहस्थ बसला होता, त्याच्या मांडीवर कागद आणि हातात पेन्सिल होती. आणि सुकाणूचे चाक दोन्ही हातांत धरून, जाळीदार पडद्याआड, ताठ मानेने ऑनोरीन बसली होती.

प्रियकर एक असो की दोन, मस्यूंनी मनाची तयारी केली होती. ही तयारी केलेली नव्हती. म्हणून त्यांनी तयारी होती तेच केले: मागून हात घालून त्या गृहस्थाची कॉलर पकडली आणि त्याला सांगितले की नाव सांगा, आज संध्याकाळी द्वंद्वासाठी माझे साक्षीदार तुमच्याकडे येतील, तलवार की पिस्तूल ते ठरवून ठेवा.

मस्यू व्हिलमोरेल यांनी तारुण्यात उत्तरेकडच्या खाणीत दोनदा अंगावर छत कोसळलेले पाहिले होते. त्यांनी मान न वळवता, जितकी हवा घशातून जात होती तितक्या हवेत म्हटले, "डावीकडे घ्या, मादाम."

कोंबडी उडाली. ती आधी ऑनोरीनच्या खांद्यावर आणि तिथून गाडीच्या नाकावर जाऊन बसली. उजवीकडून तीन घोड्यांची ऑम्निबस येत होती. डावीकडे, थडग्यांवर फुले वाहायच्या संतांच्या सणासाठी, शेवंतीच्या कुंड्यांनी भरलेली हातगाडी रस्त्यात आडवी झाली होती, आणि ती ढकलणारी म्हातारी गाडी सोडून तमाशा बघायला उभी राहिली होती. समोर वर्तमानपत्रांची टपरी. टपरीवालीने मस्यूंचा चेहरा ओळखला आणि पैशांची पेटी उचलून ती आधीच बाहेर पळाली.

नवऱ्याचा आवाज ओळखायला ऑनोरीनला मागे बघण्याची गरज नव्हती. आणि समोर घोडे होते.

"अहो, खाली बसा," ती म्हणाली. "मी वळवतेय."

आणि तिने वळवली. ब्रेक दाबला, घोड्यांना जाऊ दिले, हातगाडीला वळसा घातला. शेवंतीची एक पाकळी हलली नाही. टपरीच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावरून लाल गाडी निघून गेली आणि टपरीवाली, पेटी छातीशी धरून, तोंड उघडे टाकून बघत राहिली. मागे मस्यू, वळणाच्या झोक्याने मांडी घातल्यासारखे पिंपात बसले होते. कॉलर मात्र हातात होती.

"आता थांबा आणि पाठीमागे घ्या," व्हिलमोरेल घोगऱ्या आवाजात म्हणाले. तिने घेतली. "पुन्हा पुढे." घेतली. त्यांनी गळ्यावरचा हात जरा सैल करून घेतला, कारण लिहिताना अक्षर बिघडत होते.

चौकाला पुरता फेरा घालून ऑनोरीनने गाडी निघाली होती त्या कोपऱ्यावर, फुटपाथला समांतर, हाताएवढे अंतर ठेवून उभी केली. यंत्र बंद केले. मग चाकावरचे हात काढले.

पन्नास माणसे जमली. सायकलवरून दोन पोलीस येऊन पोहोचले. टपरीवाली आली आणि हाच तो, हाच तो, असे सांगू लागली. व्हिलमोरेल खाली उतरले, त्यांनी कॉलर सरळ केली, आणि मस्यू पेलिसार म्हणजे रस्त्यातला खड्डा असावा तसे त्यांच्याकडे दुर्लक्ष करून कागद वाचला.

"ब्रेक ठीक. वळण ठीक. पाठीमागे घेणं ठीक. मादाम, मी नऊ वर्षं परीक्षा घेतोय. आडवं मांजर आलं तरी लोक गाडी झाडावर घालतात. तुमच्या गाडीत हे निघालं." त्यांनी पेन्सिलीने पिंपाकडे खूण केली. "या मुद्द्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. मी समासात लिहिलं आहे."

"परीक्षा?" मस्यू म्हणाले.

तेवढ्यात बार्नाबे गर्दी फोडून आला. त्याने काळ्या हातांनी मिशी पिळली, मादामकडे बघून, जिंकलात, अशी मान हलवली आणि मस्यूंना सलाम केला. मस्यूंनी मिशीकडे पाहिले, हातांकडे पाहिले, आणि चार दिवसांचा तपास त्यांच्या डोळ्यांदेखत वितळून गेला.

"तुम्हाला ते लाकडी कडं सापडलं," ऑनोरीन हळूच म्हणाली.

"रविवारी."

"आणि तुम्ही मला विचारलं नाहीत."

"याला ससा," मस्यू म्हणाले. "आणि मला कोबी."

"दोन तास चाक धरल्यावर हातांत एकाच स्वयंपाकाचं बळ उरतं, एव्हारिस्त."

व्हिलमोरेल खाकरले. एक बाब राहिली होती. परवाना विवाहित स्त्रीच्या नावे द्यायचा म्हणजे कायद्याने नवऱ्याची लेखी संमती हवी. कागद तयार होता, फक्त सहीची जागा रिकामी होती. नवरा कुठे आहे?

ऑनोरीनने मान खाली घातली. ती जागा रिकामी आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते. सहा आठवडे तिने पॅरिसचा प्रत्येक कोपरा वळवून पाहिला होता. हा एक तेवढा वळवायचा धीर झाला नव्हता. आता एकतीस तारखेच्या आड एकच दिवस उरला होता.

"नवरा मी आहे," मस्यू पेलिसार म्हणाले. ते दरडावून म्हणायचे होते. पण गवत तोंडात गेल्यामुळे तसे निघाले नाही.

धाकट्या पोलिसाने त्यांना पायापासून वरपर्यंत न्याहाळले. "नवरे पांघरुणाखाली बसत नाहीत, मस्यू. आम्ही रोज पाहतो, पांघरुणाखाली दुसरे बसतात."

गर्दीला हे पटले.

"गोष्ट सोपी आहे," व्हिलमोरेल म्हणाले आणि त्यांनी कागद गाडीच्या नाकावर, कोंबडीच्या शेजारी पसरला. "सही केलीत तर तुम्ही नवरा. नवरा स्वतःच्या बायकोच्या गाडीत वाटेल तिथे बसू शकतो. सही नसेल तर एका मादामच्या गाडीत लपून बसलेला अनोळखी इसम, सरकारी अधिकाऱ्याचा गळा धरणारा. मग हे दोघे तुम्हाला घेऊन जातील. तुमचं काय ते ठरवा. मला बाराला जेवायला जायचंय."

मस्यूंनी पेन हातात घेतले. पोलिसांची भीती वाटली नाही असे नाही. पण सही करता करता ते थांबले आणि त्यांनी बायकोकडे पाहिले. पडदा वर सारलेला, गालांवर धूळ, डोळे पाण्याने भरलेले आणि तरी ते खाली झुकत नव्हते. पांघरुणाखाली ज्या हलकट इसमाचे त्यांनी कौतुक केले होते, तो इसम हा होता. सव्वीस वर्षांत त्यांनी आवडत्या दुकानदाराचे खोटे वजन पास केले नव्हते आणि नावडत्याचे खरे वजन अडवले नव्हते. वजन बरोबर असेल तर शिक्का मारायचा. दुसरा नियम त्यांना ठाऊकच नव्हता.

त्यांनी पूर्ण नावानिशी सही केली, हुद्दा घातला आणि खाली दोन रेघा मारल्या.

गर्दीने टाळ्या वाजवल्या. टपरीवालीने सगळ्यांत जोरात वाजवल्या. तिच्या दृष्टीने आता टपरीला धोका उरला नव्हता. शेवंतीवालीने एक कुंडी आणून गाडीत ठेवली आणि ती थडग्यासाठी आणली होती हे सांगायचे टाळले. पोलीस सायकली घेऊन गेले. व्हिलमोरेल यांनी ऑनोरीनच्या हातात कागद दिला, हॅट उचलली आणि म्हणाले की बायकांना त्यांनी याआधीही पास केले आहे, पण नवऱ्यासकट पास केलेली ही पहिलीच.

बार्नाबेने कोंबडी उचलून पिंपात नेली आणि तो तिच्यासोबत मागे बसला. ऑनोरीन चाकापाशी बसली. मस्यू पेलिसार गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले, क्षणभर पायरीवर घुटमळले आणि बायकोच्या शेजारी, रिकाम्या जागेवर, हात मांडीवर ठेवून बसले.

तिने चष्मा नीट केला. "कुठे जायचं?" तिने विचारले.

एकोणीस वर्षे प्रत्येक गाडीवानाला पत्ता मस्यूंनी सांगितला होता. त्यांनी तोंड उघडले. मग मिटले. मग खाली हात घालून बसायच्या बैठकीची कड घट्ट धरली.

"तू नेशील तिकडे," ते म्हणाले.

घर डावीकडे होते. मादाम पेलिसार यांनी गाडी उजवीकडे वळवली.